रंगाचा पहिला हात मारण्याआधी

टू बीएचके फ्लॅट आतून रंगवायचा म्हणून दोघा रंगाऱ्यांकडून कोटेशन मागवलं, की दोन आकड्यांत बरीच तफावत निघते. कंपनी तीच, डबा तोच, दोन हात मारायचं आश्वासनही दोघांचं. मग एकाचा आकडा दीडपट का? आपण सवयीनं कमी आकड्याकडे झुकतो, कारण आपल्याला फक्त रंग दिसतो. फरक मात्र रंगाखाली असतो. किती खरवडणार, भेगा कशा भरणार, पुट्टीचे (भिंत गुळगुळीत करणाऱ्या लगद्याचे) किती हात, प्रायमर (रंगाखालचा पायाचा थर) कोणता आणि प्रत्येक थर सुकायला किती वेळ देणार, या सगळ्यात तो असतो. ही कामं संपल्यावर डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून गाळायला सगळ्यात सोपी. रंग दोन पावसाळ्यांत पोपडे धरणार की सात-आठ वर्षं नीट राहणार, हे बहुतेक तिथेच ठरतं. म्हणून हा लेख शेडकार्डाबद्दल कमी आणि भिंतीबद्दल जास्त आहे.

डब्यात काय असतं

कोणत्याही पाण्याच्या रंगात मुख्यतः चार गोष्टी असतात. पहिली रंगद्रव्य, म्हणजे जी खालचं झाकते आणि रंग दाखवते ती बारीक पूड. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात, आणि डब्यातल्या महाग घटकांपैकी तो एक. दुसरी बाइंडर, म्हणजे ही पूड भिंतीवर धरून ठेवणारा चिकट घटक. इमल्शनमध्ये, म्हणजे भिंतींना लावायच्या नेहमीच्या पाण्याच्या रंगात, हा ॲक्रिलिक पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात पाण्यात पसरलेला असतो. तिसरं पाणी. चौथी भर, म्हणजे खडूची पूड, टाल्क, चिनी माती वगैरे. रंग भिंतीवर चढला की पाणी उडतं, बाइंडरचे कण एकमेकांजवळ येतात, दाबले जातात आणि एकजीव होऊन सलग पातळ थर तयार होतो. रंगद्रव्य त्या थरात अडकून राहतं.

महाग आणि स्वस्त रंगातला खरा फरक या प्रमाणात आहे. स्वस्त रंगात भर जास्त, बाइंडर कमी. डिस्टेंपर या स्वस्त पाण्याच्या रंगात तर बहुतांश खडूच. म्हणून ओल्या फडक्यानं डिस्टेंपरची भिंत पुसली, की रंग फडक्यावर येतो. याचा अर्थ डिस्टेंपर वाईट असा नाही. छताला, माळ्याला, भाड्यानं द्यायच्या खोलीला तो पुरतो. पण लहान मुलं असलेल्या घरात हॉलच्या भिंतीला डिस्टेंपर लावून वर ती पुसता यावी अशी अपेक्षा ठेवली, तर निराशा होणारच.

आपल्याकडे पूर्वी चुना लावत. कळीचा चुना भिजवायचा, गाळायचा, पांढऱ्यासाठी चिमूटभर नीळ, पिवळ्यासाठी पिवडी. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन भिंतीवर पुन्हा चुनखडीच बनतो. त्यात बारीक छिद्रं राहतात, त्यामुळे भिंतीतली ओल वाफ होऊन बाहेर पडू शकते. कोकणातलं चिऱ्याचं घर किंवा चुन्या-मातीत बांधलेला जुना वाडा असेल, तर ही गोष्ट फार महत्त्वाची. अशा भिंतीवर ॲक्रिलिकचा जाड थर चढवला की ओल आत कोंडते, रंगाला मागून ढकलते आणि फुगे धरतात. अशा घराला मी आजही चुनाच सुचवेन. दर एक-दोन वर्षांनी पुन्हा लावावा लागला तरी चालेल.

पोपड्याची पाठ वाचा

जुनी भिंत सोलत असेल तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी एक पोपडा अलगद नखानं काढा आणि उलटा करून बघा. त्याच्या पाठीवर पांढरी भुकटी चिकटली असेल, तर मागच्या वेळी घासकामाची धूळ न झाडताच रंग मारला होता किंवा खालची पुट्टीच कच्ची होती. पाठ स्वच्छ आणि चकचकीत असेल, तर खाली जुना ऑइलपेंट आहे आणि त्याला नव्या रंगानं धरलंच नाही. पाठ दमट असेल आणि भिंतीवर पांढरी, खारट, भुरभुरणारी पूड दिसत असेल, तर तो लोणा. मग प्रश्न रंगाचा नाही, पाण्याचा आहे.

लोणा कसा लागतो ते समजून घेतलं की अर्धी फसवणूक टळते. विटा, वाळू, सिमेंट या सगळ्यांत विरघळणारे क्षार असतात. भिंतीत पाणी शिरलं की ते क्षार त्यात विरघळतात. पाणी सुकण्यासाठी पृष्ठभागाकडे येतं, उडून जातं आणि क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात. हे स्फटिक वाढताना पुट्टीला आणि रंगाला आतून उचलतात. क्षार कितीही खरवडले आणि वर कितीही महाग रंग लावला, तरी पाणी येत राहिलं तर लोणा परत येणार. काही जण आतून 'डॅम्प-प्रूफ' लेप लावून देतो म्हणतात. पाण्याचा उगम बंद केल्यावर शेवटची काळजी म्हणून तो ठीक. उगम चालू असताना लावला, तर पाणी त्या लेपाच्या कडेनं बाजूच्या भिंतीत डोकं काढतं.

मग उगम कुठे आहे? डाग कुठे आणि कधी दिसतो, हेच पाहायचं. छताच्या कोपऱ्यात किंवा बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यात गडद होतो आणि डिसेंबरपर्यंत फिका पडतो, तर पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या प्लास्टरच्या भेगांतून येतंय. बारा महिने सारखाच ओला असतो, तर वरच्या मजल्यावरचं बाथरूम किंवा भिंतीत दडवलेला पाइप. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर कमरेपर्यंत पट्टा दिसतो, तर आपल्याच बाथरूमच्या टाइल्सचे सांधे बघा. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फूट चढलेली ओल बहुधा जमिनीतून वर येते, आणि ती बरी करणं सगळ्यात अवघड.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक पाइपलाइन यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीनं करायची असते. सदनिकेतल्या संडास-बाथरूम, सिंकमधून होणारी गळती ही त्या सदस्याची जबाबदारी. तेव्हा बाहेरच्या गळतीसाठी आधी सोसायटीकडे लेखी अर्ज द्या, दुरुस्ती करून घ्या आणि मगच आतल्या रंगावर पैसे घाला. उलट क्रमानं केलं तर तोच खर्च दोनदा होतो.

भिंत सुकली आहे का, हे हातानं कळत नाही. जाड पॉलिथिनचा साधारण 45 सेंटिमीटर चौरस तुकडा भिंतीला लावा, चारही कडा टेपनं घट्ट बंद करा आणि निदान सोळा तास तसाच राहू द्या. काढल्यावर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा त्या जागेची भिंत गडद झाली असेल, तर अजून थांबायला हवं. इतकी सोपी चाचणी, पण ती करायला कुणी सांगत नाही, कारण तिचं उत्तर कामाच्या तारखा बिघडवू शकतं.

आणि तारखा हीच आपली खरी अडचण. कोकणात गणपतीच्या आधी आणि इतरत्र दसरा-दिवाळीच्या आधी घर रंगवून हवं असतं. भावना मी पूर्ण समजू शकते. पण गणपती म्हणजे भर पावसाळा किंवा त्याचा शेवट, आणि दिवाळीला पाऊस संपून जेमतेम काही आठवडे झालेले असतात. बाहेरच्या भिंती तेव्हा अजून ओल सोडत असतात. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल तर रंग मारूच नये, असा साधारण नियम आहे. मुंबईत आणि किनारपट्टीवर पावसाळ्यात हा आकडा सहज गाठला जातो. शिवाय या दिवसांत चांगले रंगारी एका वेळी तीन-तीन घरं धरून बसलेले असतात, त्यामुळे थर सुकण्याचा वेळ आधी कापला जातो. जानेवारी ते मे हा उत्तम काळ. सणाला रंग हवाच असेल तर मधल्या, म्हणजे दोन खोल्यांमधल्या भिंती आणि कोरडी छतं करून घ्या. ज्यांची दुसरी बाजू पाऊस खाते, त्या भिंती फेब्रुवारीवर ठेवा.

नव्या फ्लॅटचं गणित वेगळं. सिमेंटचं प्लास्टर निदान 28 दिवस पिकावं लागतं. तोवर त्यात पाणीही असतं आणि अल्कलीही, आणि ही अल्कली रंग विटवते, भिंतीवर ठिपके पाडते. ताबा मिळाल्या मिळाल्या महाग रंगाचे तीन हात मारण्यापेक्षा प्रायमर आणि साध्या इमल्शनचा एक हात मारून एक पावसाळा जाऊ द्यावा. कुठे भेग पडते, कुठे पाणी येतं ते तोवर कळतं, सुतारकाम आणि वायरिंगचे धक्केही बसून होतात. मग मनासारखा रंग लावा.

खरवडणं, पुट्टी, प्रायमर

आता कोटेशनमध्ये ज्यावर सगळ्यात कमी शब्द असतात, तो भाग. 'सरफेस प्रिपरेशन' एवढंच लिहिलेलं असतं. त्यात नेमकं काय, हे विचारायलाच हवं.

सगळी भिंत खरवडायची गरज प्रत्येक वेळी नसते. जुना इमल्शन घट्ट असेल तर सगळ्या घराला नव्यानं पुट्टी लावणं हा उगाच वाढवलेला खर्च. भिंत धुवायची, पॉलिश पेपर मारायचा, खड्डे-भेगा भरायच्या, प्रायमर लावायचा, बस. हे तपासायचं कसं? तळहात भिंतीवर दाबून फिरवा. हाताला पांढरं लागलं तर वरचा थर खडू झाला आहे. मग साधी चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. रंग पट्टीसोबत आला तर तेवढा भाग खरवडावाच लागेल. जुन्या डिस्टेंपरवर किंवा चुन्यावर थेट इमल्शन मारणं म्हणजे पिठाच्या थरावर कागद चिकटवणं. तो थर काढणं हाच उपाय. स्वयंपाकघरात किंवा पॅसेजमध्ये जुना ऑइलपेंट असेल, तर चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासून त्याला धरणारा खास प्रायमर मागून घ्या.

घासण्याआधी घराचं वय विचारात घ्या. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनी घरगुती रंगांमधल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) ठरवली, आणि नोव्हेंबर 2017 पासून त्याहून जास्त शिसं असलेल्या रंगांच्या उत्पादनावर बंदी आली. त्याआधीच्या घरांत, विशेषतः दारं-खिडक्या आणि ग्रिलच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. ते कोरडं घासलं की धूळ होऊन घरभर बसते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा वाईट परिणाम होतो, गरोदर बाईलाही धोका असतो. तेव्हा ओला पॉलिश पेपर वापरून घासून घ्यायचं, खोली बंद ठेवायची, मुलांना काही दिवस दुसरीकडे पाठवायचं आणि फरशी झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं पुसायची. पुट्टीच्या घासकामाची धूळही छातीत जाते. रंगारी तोंडाला रुमाल बांधून दिवसभर ती घेत असतो. आपल्या घरात काम चालू असताना एन-95 मास्कचं पाकीट आणून देणं फार खर्चाचं नाही, आणि वापरा म्हणून आग्रह धरायला संकोचू नका.

भेगांमध्येही दोन जाती. केसासारख्या बारीक भेगा पुट्टीनं भरतात. पण बीम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली आडवी सरळ भेग नुसती भरली, तर एका उन्हाळ्यात परत उघडते, कारण काँक्रीट आणि वीट वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. ती पट्टीनं थोडी रुंद करून, लवचीक भराव घालून, वर फायबरची जाळी लावून मगच पुट्टी करायची. तिरपी किंवा बोट जाईल एवढी भेग असेल तर रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

पुट्टी दोन प्रकारची. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पोत्यातून पूड म्हणून येते आणि पाण्यात कालवतात. ॲक्रिलिक पुट्टी बादलीतून तयार लगदा म्हणून येते. पहिली सिमेंटच्या प्लास्टरशी रासायनिकरीत्या जुळते आणि ओलसर जागी जास्त टिकते. दुसरी हाताला मऊ, घासायला सोपी, पण ओल सहन करत नाही. 'प्रायमर आधी की पुट्टी आधी' या वादाचं उत्तर यातच आहे. सिमेंटच्या प्लास्टरवर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावताना खाली प्रायमर नको. भिंत ओलसर करून थेट लावायची, म्हणजे ती पकड घेते. ॲक्रिलिक पुट्टीखाली, आणि जिप्समच्या गुळगुळीत भिंतीवर, आधी प्रायमर हवा. दोन्हींच्या वर, रंगाआधी, प्रायमर हवाच. पुट्टी पाणी पिते, तेही जागोजागी कमी-जास्त. प्रायमर ती शोषण्याची ताकद सगळीकडे सारखी करतो आणि उरलीसुरली धूळ बांधतो. तो गाळला की इमल्शनमधलं पाणी पुट्टी झटकन ओढून घेते, बाइंडरला एकजीव व्हायला वेळ मिळत नाही आणि भिंत ठिकठिकाणी डागाळलेली दिसते.

रंगारी पुट्टी कालवतो तेव्हा थोडा वेळ उभं राहून बघा. सिमेंटची पुट्टी लागेल तेवढीच कालवून दोन-तीन तासांत संपवायची असते. जेवणाची सुट्टी संपल्यावर घमेल्यातल्या घट्ट झालेल्या पुट्टीत पाणी ओतून ती पुन्हा सैल केली, तर ती दिसायला तशीच दिसते, पण तिचं सिमेंट आधीच बसून गेलेलं असतं. अशी पुट्टी पुढे भुकटी होते. आणि दोन हात मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाडी नको. मोठा खड्डा पुट्टीनं भरायचा नसतो, तिथे प्लास्टरचा पॅच लागतो.

पहिल्या हाताला 120-180 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी 220 च्या पुढचा, म्हणजे आणखी बारीक. घासून झालं की धूळ ब्रशनं आणि कोरड्या फडक्यानं झाडायची. मगाशी पोपड्याच्या पाठीवर दिसलेली भुकटी याच पाच-दहा मिनिटांच्या आळसाची. प्रायमर सुकल्यावर रात्री घरातले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरा. तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवटा आणि खळगा सावली पाडतो. पेन्सिलीनं गोल करून ठेवा. सकाळी रंगारी ते दुरुस्त करेल. रंगाचा पहिला हात मारण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे, नंतर केलेला प्रत्येक पॅच दिसतो.

मोजमाप आणि पैसे

वादाची दुसरी जागा म्हणजे चौरस फूट. दहा बाय बारा फुटांची खोली, उंची साडेनऊ. चार भिंतींची एकूण लांबी 44 फूट, म्हणजे भिंती 418 चौरस फूट. छत 120. एकूण 538. सात बाय तीनचं दार आणि पाच बाय चारची खिडकी वजा केली तर 497. पण बरेच जण मोजत नाहीत, कार्पेट क्षेत्राची तिप्पट किंवा साडेतीनपट धरतात. 600 चौरस फुटांच्या फ्लॅटला त्यानं 1800 किंवा 2100 चौरस फूट येतात. अंदाजापुरता हा हिशोब चालेल, बिलासाठी टेपनं मोजा. वजावटीचं आधी ठरवा. मोजमापाच्या भारतीय मानकात, आयएस 1200 मध्ये, अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट धरत नाहीत, त्याहून मोठीची धरतात. खासगी कामात मात्र काही रंगारी दाराची वजावट देत नाहीत, चौकटीच्या कडा सांभाळायला वेळ जातो म्हणून. दोन्ही रीती मान्य, फक्त कागदावर लिहिलेल्या हव्यात. जीएसटी धरून की वेगळा, फर्निचर हलवणं-झाकणं कुणाकडे, हेही लिहा.

मटेरियलसह काम द्यायचं की मजुरीवर? मला मजुरीवर देणं पटतं. डबे आपण दुकानातून बिलासह, सीलबंद आणायचे. मटेरियलसह कामात रंग वाचला तर पैसा ठेकेदाराचा, त्यामुळे पाणी जास्त घालायचा मोह होतो. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि प्रकाराप्रमाणे बदलतं. मापाचा मग हातात घ्या, अंदाजानं ओतू देऊ नका. बऱ्याच डब्यांत रंगाऱ्यासाठी टोकन किंवा क्यूआर कोड असतो, हेही माहीत असू द्या. ते टोकन त्याचंच, त्याला ते मोकळेपणानं देऊन टाका, पण कोणता रंग घ्यायचा हा निर्णय त्यावर होऊ देऊ नका. पैसे टप्प्यांत द्या: थोडे आगाऊ, काही पुट्टी-प्रायमरची तपासणी झाल्यावर, काही रंगानंतर, आणि दहा टक्के तरी शेवटच्या टच-अपसाठी राखून.

रंग निवडताना

इथे थोडक्यात. मॅट रंग भिंतीचे दोष लपवतो, चकाकीवाला दाखवतो पण धुता येतो. हॉलला मॅट किंवा हलकी चमक, स्वयंपाकघराला चमक, छताला साधा पांढरा मॅट. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर विश्वास ठेवू नका. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे पॅच मारून ते सकाळी आणि रात्री घरच्या दिव्यात बघा. पिवळसर एलईडीखाली राखाडी रंग वेगळाच दिसतो. चारही भिंतींवर तीच शेड पॅचपेक्षा गडद वाटते, म्हणून बहुतेकांना एक पायरी फिकी घेतलेली आवडते. लाल आणि गडद पिवळ्याच्या डब्यात झाकणारं पांढरं रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे दोनऐवजी तीन-चार हात लागतात. त्या भिंतीचा खर्च आधीच तसा धरा.

दुकानातल्या टिंटिंग मशीनमधून (हवी ती छटा मिसळून देणाऱ्या यंत्रातून) निघालेले दोन डबे किंचित वेगळे असू शकतात. एकाच भिंतीला लागणारा सगळा रंग मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. क्रम असा: छत, मग भिंती, मग दारं-खिडक्या. दोन हातांमध्ये साधारण चार तास, दमट हवेत त्याहून जास्त.

काम संपल्यावर भिंत हाताला कोरडी लागली, तरी इमल्शनचा थर पूर्ण पिकायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर भिंत धुऊ नका, कपाट टेकवून ठेवू नका, टेपनं काही चिकटवू नका. उरलेला रंग झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. शेडचा कोड, बॅच नंबर आणि कोणत्या खोलीत लावला ते डब्यावर मार्करनं लिहा, आणि त्याचा फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवा.